लेकरू शाळेस नको म्हणते तेव्हा

(मंडळीच्या आठवड्याच्या सभेत उपदेशकांनी वाचून दाखविण्याचा पाठ. शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय १ ते ४.)



बऱ्याच वर्षांमागची गोष्ट आहे. आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडून सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात सेवेस लागलो होतो. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मंडळीतील एक ऊसतोड मजूर आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन संध्याकाळी आमच्या दारी आला. "पाळकसाहेब, ह्याला चार शब्द सांगा. वसतिगृहात परत जायचं नाही म्हणतो. मुकादमाची उचल घेतलीय, टोळी परवा निघणार. ह्याला कुठं ठेवू?" मुलगा खाली मान घालून उभा होता. आम्ही त्यास जवळ बसविले, विद्येचे महत्त्व सांगितले, बापाच्या कष्टांची आठवण करून दिली. त्याने एवढेच म्हटले, "तिथं नको." का नको, हे आम्ही एकदाच विचारले, आणि तेही बापासमोर. तो बोलला नाही. मग आम्ही प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास स्वतः एस. टी. त बसवून दिले.

फाल्गुनात सर्व कळले. तेथील अधीक्षक रात्री मुलांस पट्ट्याने मारीत असे. हा मुलगा झोपेत अंथरूण ओले करी, म्हणून त्यास थंडीच्या दिवसांत रात्रभर ओट्यावर उभे करण्यात येई. शेवटी तो पळाला व दोन दिवस चालत गावी येऊन आजीच्या घरात लपला. त्यानंतर तो कोणत्याही शाळेत गेला नाही. त्यास परत पाठविणारे हात आमचे होते, हे आम्ही आजवर विसरलो नाही. म्हणून ह्या पाठात दोष कोणाचा हे सांगण्याची वेळ येईल तेव्हा आमचे नाव प्रथम धरावे.

आमच्या लोकांस शाळेत प्रश्न विचारण्याचे धैर्य का होत नाही, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्याचे मूळ फार खोल आहे. शाळेचे दार आमच्या पूर्वजांस सहज उघडले नाही. १८५६ साली धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तेव्हा त्यास नकार मिळाला. त्याआधी १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींस शिकविण्यास जाऊ लागल्या, तेव्हा रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण व माती टाकण्यात येई, आणि त्या शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी दुसरे लुगडे जवळ बाळगीत, असे सांगतात. मिशनच्या शाळांत ज्यांस जागा मिळाली त्या आमच्या आजोबापणजोबांनी ती देणगी म्हणून स्वीकारली. देणगी देणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. आज शाळा झेडपीची असो, संस्थेची असो वा मिशनची असो, फाटकाशी येताच आमचा बाप पायातील वाहणा काढतो व मास्तर जे सांगतील त्यास "होय जी" म्हणून परततो. मुलाने तक्रार केली तर त्यालाच म्हणतो, "तूच काहीतरी केलं असशील." कृतज्ञता हा सद्गुण खरा, परंतु येथे ती मुलाच्या तोंडावर हात ठेवते.

आता शास्त्रातील तो ओळखीचा वृत्तांत पाहू. हन्नेने आपल्या एकुलत्या लेकराचे दूध तोडल्यावर त्यास शिलो येथे आणून एली याजकाच्या हाती दिले. आपण शब्बाथशाळेत हा पाठ शिकवितो तेव्हा तिचा नवस व शमुवेलाचे आज्ञापालन सांगून थांबतो. परंतु ते घर कसे होते? एलीचे दोघे मुलगे, हफनी व फिनहास, तेथे सेवेस होते; ते यज्ञाचे मांस दांडगाईने हिसकावून घेत आणि दाराशी सेवेस येणाऱ्या स्त्रियांशी दुराचार करीत. अशा घरात हे लेकरू रात्री निजत होते. एलीस हे ठाऊक नव्हते असे नाही. लोकांनी येऊन सांगितले होते. त्याने मुलांस बोलावून दोन शब्द ऐकविले, आणि त्यांस त्यांच्या जागी तसेच राहू दिले. शास्त्र त्याच्यावर हाच ठपका ठेवते की, माहीत असून त्याने त्यांस आवरले नाही.

ह्याच वृत्तांतात आणखी दोन गोष्टी आहेत, व त्या आईबापांनी मनात साठवून ठेवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे हन्नेचा झगा. ती दरसाल नवऱ्याबरोबर शिलोस येई तेव्हा मुलासाठी लहानसा झगा करून आणी. वाढत्या मुलाचा झगा त्याचे अंग ठाऊक असल्यावाचून शिवता येत नाही. ती त्यास डोळ्यांनी पाही, हाताने चाचपी. अंगावर वळ असता तर तिच्या बोटांस लागला असता. दुसरी गोष्ट रात्रीच्या हाकेची. मूल तीन वेळा उठून म्हाताऱ्या एलीकडे आले. दोन वेळा त्याने, मी हाक मारली नाही, जाऊन नीज, असे सांगून त्यास परत पाठविले. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आले की, हे लेकरू उगाच उठून येत नाही. सकाळी मुलास जे कळले होते ते सांगण्यास भीती वाटत होती, कारण गोष्ट एलीच्याच घराविषयी होती. तेव्हा एलीने त्यास काही न लपविता सर्व सांगण्यास आग्रहाने सांगितले. त्या वृद्धाच्या पदरी पुष्कळ चुका आहेत, पण ही एक गोष्ट त्याने नीट केली. आम्ही मात्र त्या ऊसतोड्याच्या मुलास पहिल्याच हाकेस "जाऊन नीज" म्हटले, आणि तो पुन्हा आमच्याकडे आलाच नाही.

आता आपल्या काळातील व आपल्याच राज्यातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती ऐकताना लहान मुलांस सभेतून बाहेर खेळावयास पाठवावे. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेच्या बालवर्गात शिकणाऱ्या सुमारे चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्या शौचालयात लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी हा त्याच महिन्यात कंत्राटाने कामास लागलेला सफाई करणारा पुरुष होता. मुलीने आपले दुखणे घरी सांगितले, वैद्यकीय तपासणी झाली, आणि आईबाप पोलीस ठाण्यात गेले, तेथे फिर्याद नोंदवून घेण्यास पुष्कळ तास लावण्यात आले. २० ऑगस्ट रोजी संतापलेले लोक बदलापूरच्या रेल्वे स्थानकात रुळांवर उतरले व दहा तासांच्या सुमारास गाड्या बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ह्या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली, आणि पोलिसांनी व शाळेने केलेल्या विलंबाबद्दल कडक शब्दांत नापसंती दर्शविली. शाळेच्या चालकांवरही, अपराध कळून तो न कळविल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला. आरोपी २३ सप्टेंबर रोजी पोलिसांच्या ताब्यात असता त्यांच्या गोळीने मेला, आणि त्याच्यावरील आरोपाचा न्यायालयात निर्णय होण्याचा मार्ग तेथेच खुंटला. पुष्कळांनी त्या दिवशी पेढे वाटले. आम्हांस त्यात आनंद वाटला नाही, कारण कोणास काय ठाऊक होते व कोण गप्प बसले, ह्या प्रश्नांवरून लोकांचे लक्ष त्याने उडाले.

बदलापूरच्या लोकांचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु रुळांवर उतरण्याच्या आधी एक साधा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा होता : चार वर्षांच्या मुलीस शौचालयास कोण नेते? ह्या प्रश्नास पैसे लागत नाहीत, शिक्षण लागत नाही, अंगठा उठविणाऱ्या आईसही तो विचारता येतो. तसेच, शाळेत नवा मनुष्य कामास लागला तर त्याची चौकशी कोणी केली? रात्री वसतिगृहात मुलींपाशी कोण निजते? मास्तर शाळा सुटल्यावर एकट्या मुलास मागे ठेवतात काय, व कशासाठी? मास्तर भले असतील तर त्यांस ह्या प्रश्नांचा राग येणार नाही; आणि ज्यास राग येईल त्याच्याकडे थोडे अधिक लक्ष असू द्यावे.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य सरकारने सर्व शाळांस हुकूम केला. शाळेत कॅमेरे बसवावे, कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, अगदी लहान मुलांसाठी शक्यतो स्त्रिया नेमाव्या, तक्रारपेटी ठेवावी, आणि असा काही प्रकार घडल्यास चोवीस तासांच्या आत शिक्षण अधिकाऱ्यांस कळवावे, असे त्यात आहे. मुलींसाठी 'सखी सावित्री समिती' प्रत्येक शाळेत असावी असे २०२२ सालीच ठरले होते. आपल्या गावच्या शाळेत ती भिंतीवरील फळ्यावरच आहे, की तिच्या सभाही होतात, हे पाहावयास कोणाची परवानगी लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चार सभासदांपैकी तीन आईबाप वा पालक असले पाहिजेत, व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. (अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळांस हे कलम लागू नाही.) आमच्या मंडळ्यांतील किती जण त्या समितीत आहेत? जे आहेत ते सहीपुरते आहेत, असे आम्हांस पुष्कळ ठिकाणी आढळले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. उपदेशकांनी हा भाग सावकाश व दोनदा वाचावा. मूल घरी येऊन असे काही सांगेल, किंवा सांगणार नाही पण शाळेचे नाव काढताच पोट दुखते म्हणेल, झोपेत दचकेल, एखाद्या माणसास पाहून आईच्या पदराआड जाईल, तेव्हा प्रथम ऐकून घ्यावे. "आधी का नाही सांगितलंस?" असे म्हणू नये, त्याने त्याचे तोंड कायमचे मिटते. पुन्हा पुन्हा, शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे, विचारू नये. मूल जे शब्द बोलले ते त्याच शब्दांत, तारीख घालून, कागदावर लिहून ठेवावे. आपणांस लिहिता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्यावे. शरीरास इजा झाली असेल तर डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी मुलास न्हाऊ घालू नये व कपडे धुऊ नयेत. आईची पहिली धाव न्हाणीकडे असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, अशा मुलास मोफत उपचार देण्यास बांधलेले आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या घरी भांडावयास जाऊ नये. त्याने तो सावध होतो आणि आपण दोषी ठरतो.

त्यानंतर पोलीस ठाणे. लहान मुलांवरील लैंगिक अपराधांसंबंधीचा २०१२ चा कायदा, ज्यास लोक पोक्सो म्हणतात, तो मुलांस व मुलींस सारखाच लागू आहे, आणि अठरा वर्षांखालील सर्व त्यात येतात. त्या कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास बरे वाटेल तेथे घ्यावयाचा असतो, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, व गणवेष न घालता. आई किंवा मुलाचा विश्वासातला मनुष्य जवळ असावा, आणि मुलास रात्री ठाण्यात ठेवू नये. मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापण्यास मनाई आहे. ठाणेदाराने ही हद्द आमची नव्हे असे म्हटले तर ऐकू नये. १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नव्या संहितेत कोणत्याही ठाण्यात खबर नोंदविण्याची सोय स्पष्ट लिहिली आहे. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांस ह्याचा मोठा उपयोग आहे. मूल सांगोल्यास व आपण साताऱ्याकडे फडावर, तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. तेथे नकार मिळाल्यास जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा. आणि १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी रात्रंदिवस चालू असतो. त्यास पैसे पडत नाहीत. तो घरच्या दारामागे खडूने लिहून ठेवावा.

येथे आम्हांस पंचांशी व उपदेशकांशी स्पष्ट बोलणे भाग आहे. आमच्यात अशी रीत पडली आहे की, काही अनुचित घडले तर ते प्रथम पाळकाकडे, मग पंचांकडे आणावे, दोन्ही पक्षांस बसवावे, एकाने क्षमा मागावी, दुसऱ्याने ती द्यावी, आणि मंडळीचे नाव बाहेर जाऊ देऊ नये. बांधाच्या भांडणात ही रीत उत्तम आहे. लेकराच्या बाबतीत ती एलीची रीत आहे. पोक्सो कायद्याप्रमाणे असा अपराध ज्यास ठाऊक झाला त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध लपविला तर एक वर्षापर्यंत. शुद्ध हेतूने कळविणाऱ्यास दोष लागत नाही. आरोप आपल्याच वसतिगृहातील अधीक्षकावर असो, शब्बाथशाळेच्या शिक्षकावर असो वा पाळकावर असो, हाच नियम आहे. क्षमा केव्हा करावी हे त्या मुलाने मोठे झाल्यावर ठरवावे. त्याच्या वतीने ती वाटून टाकण्याचा अधिकार पंचांस कोणी दिला?

शिक्षेविषयीही थोडे. छडीवाचून विद्या नाही असे आम्हीच म्हणत आलो आहो, आणि आमच्यातील पुष्कळ जण नीतिसूत्रांतील छडीचे वचन पुढे करितात. २००९ च्या त्याच कायद्याने शाळेत मुलास मारणे व मानसिक छळ करणे ह्या दोहोंस मनाई केली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात वसई येथे शाळेस उशीर झाला म्हणून सहावीतील एका मुलीस दप्तर पाठीवर ठेवून शंभर उठाबशा काढावयास लाविल्याचा आरोप झाला. तिची प्रकृती बिघडली व काही दिवसांत ती मरण पावली, आणि शिक्षिकेस अटक झाली. तेव्हा मारणे म्हणजे केवळ छडी असे समजू नये. सांगोल्याकडचे धनगर काठी घेऊन मेंढरांमागे कोसच्या कोस चालतात; ती काठी लांडग्यासाठी असते, आणि मेंढरास फार तर वळविण्यापुरती. ज्या बापाने मास्तरास "मारा साहेब, हाडं आमची, कातडं तुमचं" असे सांगून मूल सोपविले आहे, त्याने जाऊन ते शब्द परत घ्यावे.

मुलींच्या बाबतीत आमचे आईबाप गप्प बसत नाहीत, परंतु जे करितात ते गप्प बसण्याहून वाईट असते. वाटेत कोणी मोटारसायकलवरून शीळ घातली, की मुलीची शाळा बंद, आणि पुढच्या लग्नसराईत तिचे लग्न. अपराध कोणाचा व शिक्षा कोणास! अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते लावणारा पाळकही त्यात सापडतो. उपाय दुसरे आहेत. एस. टी. त मुलींस बारावीपर्यंत पास मोफत मिळतो. गाडी वेळेवर नसेल तर सरपंचांसह आगारात अर्ज करावा. चार घरच्या मुलींनी मिळून जावे, आणि पाळीपाळीने एका मोठ्या माणसाने फाट्यापर्यंत जावे.

मुलांच्या स्वतःच्या खोड्या, शाळेजवळच्या टपरीवरचा मावा, फोनवरील घाणेरडी चित्रे, जातीवरून वा धर्मावरून एकमेकांस चिडविणे, हा विषय मोठा आहे. त्यावर पुढे केव्हातरी लिहू. आज एवढेच की, जो मुलगा दुसऱ्यास छळतो त्याच्या आईबापांनी त्याची बाजू घेण्यापूर्वी दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन बसावे.

हे सर्व वाचून कोणी शिक्षकांविषयी मनात वाईट आणू नये. माढा तालुक्यातील परितेवाडीचे झेडपीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० साली जगातील उत्तम शिक्षकासाठी असलेले पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम इतर देशांतील अंतिम फेरीतील शिक्षकांस वाटून दिली. ते तेथे रुजू झाले तेव्हा शाळा गोठ्याला लागून असलेल्या मोडक्या इमारतीत होती, व मुलींची हजेरी फार थोडी होती. शेताशेतांत, घराघरांत जाऊन त्यांनी मुले आणिली. असे शिक्षक आपल्या गावीही असतात, आणि मूल संकटात असता पुष्कळदा तेच प्रथम ओळखतात. आईबापांनी त्यांच्याशी बोलणे ठेवले असेल तरच ते सांगावयास येतात.

दसरा झाला की टोळ्या निघतील. कोणी कर्नाटकात, कोणी पश्चिमेकडे, पाच-सहा महिने कोपीत राहतील, आणि मुले गावी आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतील. हन्नेसारखे दरसाल जाऊन चालणार नाही, कारण ह्या आईबापांस मध्ये येताच येत नाही. म्हणून आम्ही आमच्या मंडळीत एक साधा कागद केला आहे. त्यावर प्रत्येक मुलाचे नाव, शाळा किंवा वसतिगृह, आईबापांचा व मुकादमाचा फोन, आणि पुढे मंडळीतील एका माणसाचे नाव आहे, ज्याने पंधरा दिवसांतून एकदा जाऊन त्या मुलास भेटावे. भेट फाटकात घ्यावयाची नाही. बाहेर झाडाखाली बसून, शिक्षक ऐकत नसताना, भाकरी खात घ्यावयाची. मुलांकडे दोन स्त्रियांनी मिळून जावे, कोणीही एकट्याने नव्हे, आणि हा नियम पाळकासही आहे. मूल काय बोलले ते त्याच रविवारी आईबापांस फोनवरून सांगावयाचे. ह्या वर्षी कागदावर सतरा मुले आहेत. पंधरांपुढे नावे लिहून झाली. दोघांपुढची जागा अजून रिकामी आहे, व ती येत्या रविवारी उपासनेनंतर भरावयाची आहे.